फ्रेंच खात्यातून पैसे पाठवताना

२०१९ च्या सप्टेंबरात मी लियाँला राहायला आले. तिथल्या बँकेतून केलेला माझा पहिला ऑनलाइन व्यवहार बाराशे ऐंशी युरोंचा व्हायला हवा होता, तो एक युरो अठ्ठावीस सेंटांचा झाला. सामानासकट भाड्याने घेतलेल्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे ६४० च्या दुप्पट, घरमालकीणबाईंना पाठवायची होती आणि रकमेच्या चौकटीत मी सवयीने '१,२८०' असे टंकले. फ्रेंच लेखनात स्वल्पविराम हे दशांशचिन्ह असते आणि हजाराच्या ठिकाणी नुसती मोकळी जागा सोडतात, हे मला ठाऊक होते. माझ्या बोटांना ते ठाऊक नव्हते. संकेतस्थळाने स्वल्पविरामानंतरचे दोन अंक ठेवले आणि शेवटचे शून्य मुकाट्याने गिळून टाकले. खातरजमा करण्याच्या पानावर रक्कम स्पष्ट दिसत होती, पण मला जे वाचायचे होते तेच मी वाचले. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला : "मादाम, तुमचे एक युरो अठ्ठावीस सेंट मिळाले. बाकीचे हप्त्याहप्त्याने येणार आहेत का?"

फ्रान्समध्ये नव्याने येणारे मराठी विद्यार्थी आणि नोकरदार मला या विषयावर वरचेवर विचारतात, म्हणून इतक्या वर्षांत हाताशी आलेले इथे लिहून ठेवते आहे. अडचण बहुधा भाषेची नसते, सवयीची असते. भारतात २०१६ साली यूपीआय आले आणि समोरच्या माणसाला त्या क्षणी पैसे देणे इतके सोपे झाले की पैसे देण्याला काही पूर्वतयारी लागते हेच आपण विसरलो. फ्रेंच बँकेत खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याला 'व्हिरमाँ' म्हणतात आणि त्याचा क्रम उलटा आहे : आधी माणूस नोंदवायचा, मग गरज पडल्यास थांबायचे आणि त्यानंतर पैसे पाठवायचे. ज्या दिवशी भाडे द्यायचे त्याच दिवशी पहिल्यांदा बँकेचे ॲप उघडणारा हमखास अडकतो.

ज्याला पैसे पाठवायचे त्याच्याकडून मागायचा कागद म्हणजे 'रिब'. हे खात्याचे ओळखपत्रच समजा. त्यावर खातेदाराचे नाव, बँकेचा बीआयसी (बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळखसंकेतांक) आणि सत्तावीस अक्षरी आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्वरूपातला खाते क्रमांक, छापलेला असतो. फ्रेंच आयबॅनमध्ये सुरुवातीला 'एफआर', मग दोन तपासणी अंक, पाच अंक बँकेचे, पाच शाखेचे, अकरा अक्षरे खाते क्रमांकाची आणि शेवटी दोन अंकी किल्ली अशी रचना असते. बहुतेक सगळे फ्रेंच आयबॅन 'एफआर ७६' नेच सुरू होतात, हे लक्षात आल्यावर मी बराच काळ त्याला बँकांचा काही संकेत समजत होते. खरे कारण निव्वळ अंकगणिती आहे. शेवटची किल्ली अशी काढलेली असते की आधीच्या सगळ्या अंकांसह मिळून होणाऱ्या संख्येला ९७ ने नि:शेष भाग जावा. आयबॅनचे तपासणी अंकही ९७ च्याच भागाकारावर ठरतात. त्यामुळे खाते क्रमांकात नुसते अंक असतील तर उत्तर दर वेळी ७६ च येते. खाते क्रमांकात अक्षर असेल तर ते बदलू शकते, कारण दोन्ही पद्धतींत अक्षराचा अंक करण्याची रीत वेगळी आहे. याचा व्यवहारातला उपयोग असा की एखादा अंक चुकला तर संकेतस्थळ तो आयबॅन तिथल्या तिथे नाकारते. मात्र अस्तित्वात असलेल्या पण भलत्याच माणसाच्या खात्याचा आयबॅन लिहिला, तर त्यापासून हे गणित वाचवू शकत नाही.

हा आयबॅन नव्या 'बेनेफिसिएर'च्या, म्हणजे लाभार्थ्याच्या नावापुढे नोंदवायचा. काही बँकांत नोंद झाल्याबरोबर पैसे पाठवता येतात, तर काहींत ती सक्रिय होण्यास एक ते तीन दिवस लागतात. चोराने खात्यात शिरकाव केलाच तर त्याला लगेच पैसे बाहेर काढता येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला पटतो, जरी शुक्रवारी संध्याकाळी तो पटायला जड जातो. त्याखेरीज 'प्लाफाँ' म्हणजे एका दिवसात किंवा ठरावीक मुदतीत पाठवता येणाऱ्या रकमेची मर्यादाही असते. ती घराच्या अनामतीला पुरते ना, हे नोंदणी करतानाच पाहून ठेवावे, कारण ती वाढवून घेण्यासाठी कधीकधी बँकेतल्या सल्लागाराला निरोप धाडावा लागतो आणि तो रजेवर असतो.

लॉगिनची तऱ्हा प्रथम विचित्र वाटते. ग्राहक क्रमांक टंकायचा, पण गुप्त आकडा पडद्यावरच्या चौकटींवर टिचक्या मारून भरायचा. त्या चौकटींतले अंक दर वेळी जागा बदलतात, जेणेकरून बोटांच्या हालचालीवरून कोणाला तो आकडा कळू नये. युरोपीय संघाच्या देयकसेवांविषयीच्या दुसऱ्या निर्देशाप्रमाणे १४ सप्टेंबर २०१९ पासून दुहेरी ओळखतपासणी सक्तीची झाली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत एसएमएसने येणाऱ्या आकड्याची जागा हळूहळू ॲपमधल्या मंजुरीने घेतली. ही मंजुरी एका विशिष्ट फोनशी बांधलेली असते. भारतात सुट्टीवर असताना फोन पाण्यात पडला, नवा घेतला आणि फ्रेंच सिमकार्ड लियाँच्या खणात राहिले, अशा अवस्थेत मी एकदा तीन आठवडे स्वतःच्याच पैशांकडे लांबून पाहत बसले होते. नव्या फोनवर ॲप सुरू करण्याचा आकडा बँकेने टपालाने पाठवला होता आणि ते पाकीट माझ्या बंद घराच्या टपालपेटीत माझी वाट पाहत होते.

पैसे पोचण्याच्या वेळेविषयी आता दोन पर्याय आहेत. नेहमीचा सेपा व्हिरमाँ, म्हणजे युरोतल्या देयकांच्या सामाईक युरोपीय व्यवस्थेतून जाणारा, पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोचतो. ही व्यवस्था जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली आणि युरो वापरणाऱ्या देशांमधल्या जुन्या राष्ट्रीय पद्धती २०१४ च्या ऑगस्टपर्यंत बंद झाल्या. त्यामुळे लियाँहून शेजारच्या गल्लीत आणि लियाँहून लिस्बनला पैसे पाठवणे यांत आज काही फरक उरलेला नाही. 'कामकाजाचा दिवस' मात्र टार्गेट या युरोपीय देयकप्रणालीच्या दिनदर्शिकेप्रमाणे मोजतात. गुड फ्रायडेला लियाँत कचेऱ्या आणि दुकाने उघडी असतात, टार्गेट मात्र बंद असते. ईस्टरचा सोमवारही बंद. एका गुरुवारी रात्री मी पाठवलेले पैसे थेट पुढच्या मंगळवारी पोचले तेव्हा मला हे समजले. दुसरा पर्याय तत्काळ व्हिरमाँचा. तो दहा सेकंदांत पोचतो, रविवारी मध्यरात्रीसुद्धा. पूर्वी काही बँका त्याचे वेगळे शुल्क घेत. २०२४ च्या युरोपीय नियमानुसार ९ जानेवारी २०२५ पासून तत्काळ व्हिरमाँचे शुल्क साध्या व्हिरमाँपेक्षा जास्त घेता येत नाही आणि साधा व्हिरमाँ ऑनलाइन केला तर तो सहसा फुकटच असतो. तरीही तत्काळ म्हटले की हात जरा आखडतोच, कारण साध्या व्हिरमाँची चूक त्याच संध्याकाळी लक्षात आली तर कधीकधी तो रद्द करता येतो. दहा सेकंदांत गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी बँकेमार्फत विनंती करावी लागते आणि समोरचा राजी झाला तरच ते येतात.

याच नियमाचा दुसरा भाग ९ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि तो आपल्या लोकांना विशेष जाचतो. तोवर बँक केवळ आयबॅन पाहत असे. लाभार्थ्याच्या नावाच्या जागी तुम्ही 'मावशी' लिहिले असते तरी पैसे बिनबोभाट गेले असते. आता पैसे पाठवण्यापूर्वी नाव आणि आयबॅन यांची जुळणी होते, तीही विनाशुल्क, आणि उत्तर येते : नाव जुळते, जवळपास जुळते, जुळत नाही किंवा तपासता आले नाही. आता मराठी नावाचा विचार करा. माझ्या एका मैत्रिणीच्या पासपोर्टवर तिच्या नावाला जोडून वडिलांचे नाव आहे, आडनाव माहेरचे आहे, बँकेत खाते उघडताना तिने लग्नानंतरचे आडनावही सांगितले होते आणि आम्ही सगळे तिला तिसऱ्याच नावाने हाक मारतो. रेल्वे तिकिटाचे माझ्या वाट्याचे ८६ युरो तिला पाठवताना मी पहिल्यांदा हाकेचे नाव आणि सासरचे आडनाव लिहिले, तेव्हा 'जुळत नाही' असे उत्तर आले. दुसऱ्यांदा पासपोर्टवरचे पाळण्यातले नाव आणि माहेरचे आडनाव लिहिल्यावर 'जवळपास जुळते' आले आणि खाली बँकेत नोंदलेले पूर्ण नाव दिसले, ज्यात तिचे वडील मधल्या नावात नव्हे तर तिच्या पहिल्या नावाला चिकटून बसले होते. जवळपास जुळत असेल तर बँक खरे नाव दाखवते. मुळीच जुळत नसेल तर दाखवत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कोणीही आयबॅन टाकून लोकांची नावे काढत बसला असता. इशारा डावलून पैसे पाठवता येतात, पण मग ते भलत्याच्या खात्यात गेल्यास जबाबदारी आपली. म्हणून रिबवर नाव जसे छापले आहे तसेच, त्याच क्रमाने उतरवावे. हीच गोष्ट उलटही लागू आहे : पगारासाठी कंपनीला स्वतःचा रिब देताना तिच्या दप्तरातले आपले नाव आणि बँकेतले नाव एकच आहे ना, हे आधी पाहावे.

या तपासणीमागचे कारण फसवणूक. एक प्रकार बनावट रिबचा : घरमालकाच्या किंवा कारागिराच्या नावाने ईमेल येते, 'आमचे खाते बदलले आहे' असे सांगून नवा आयबॅन देते आणि माणूस विश्वासाने तो नोंदवतो. खाते बदलल्याचे ईमेल आले की मी आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून विचारते. ईमेलमधल्या नंबरवर कधीच नाही. दुसरा प्रकार बँकेच्या तोतया सल्लागाराचा. फोनवर बँकेचाच नंबर दिसतो, बोलणारा शांतपणे आणि अदबीने सांगतो की तुमच्या खात्यात संशयास्पद हालचाल आहे, ती थांबवण्यासाठी ॲपमध्ये येणारी सूचना मंजूर करा. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, नंबर बँकेचाच दिसत असल्याने ग्राहकाने गंभीर हलगर्जीपणा केला असे म्हणता येत नाही, असे ठरवून भरपाईची जबाबदारी बँकेवर टाकली. तरीही निकाल लागेपर्यंतची वर्षे आपली जातात, त्यामुळे फोन ठेवून आपणच बँकेला उलट फोन करणे स्वस्त पडते.

भारतात पैसे पाठवणे हे सेपाच्या बाहेरचे काम असल्याने ते वेगळ्या रकान्यात, आंतरराष्ट्रीय व्हिरमाँ म्हणून करावे लागते. भारतात आयबॅन नाही. तिथे खाते क्रमांक, बँकेचा बीआयसी, शाखेचा पत्ता आणि अकरा अक्षरी आयएफएससी द्यावा लागतो. फ्रेंच फॉर्ममध्ये आयएफएससीसाठी अनेकदा जागाच नसते, तेव्हा तो कारणाच्या ओळीत घालावा. घरखर्चासाठी अनिवासी भारतीयांनी पाठवलेल्या पैशांचा रिझर्व्ह बँकेचा उद्देश-संकेतांक 'पी १३०१' हाही मी तिथेच लिहिते, म्हणजे पलीकडच्या बँकेचा 'हे पैसे कशाचे?' असा फोन आईबाबांना येत नाही. शुल्क कोणी सोसायचे हेही निवडावे लागते. दोघांत वाटून घेण्याचा पर्याय ठेवला तर वाटेतल्या मध्यस्थ बँकाही आपला हात धुऊन घेतात आणि पोचणारी रक्कम पाठवलेल्या रकमेशी जुळत नाही. जाता जाता एक : फ्रान्सचे करनिवासी असाल तर भारतातली खाती दरवर्षी ३९१६ क्रमांकाच्या फॉर्ममध्ये दाखवावी लागतात, त्यात पैसे पाठवले असोत वा नसोत.

भाड्यासाठी मात्र मी पहिल्या फजितीनंतर लगेच कायमस्वरूपी व्हिरमाँ लावला : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ६४० युरो, कारणाच्या ओळीत महिन्याचे नाव नाही, फक्त 'भाडे' आणि माझे आडनाव. ती ओळ १४० अक्षरांपर्यंत लिहिता येते आणि समोरच्याच्या खातेपुस्तकात दिसते, म्हणून तिच्यात वाद झाल्यास उपयोगी पडेल असे काहीतरी असावे. घर सोडताना हा व्हिरमाँ बंद करायला मी विसरले आणि एक भाडे जास्तीचे गेले. बाईंनी ते दुसऱ्या दिवशी परत केले. घराची तपासणी नीट पार पडली असल्याने कायद्याप्रमाणे अनामत परत करायला त्यांना एक महिना होता. त्यांनी तीही आठवड्याभरात पाठवली. कारणाच्या ओळीत लिहिले होते : 'अनामत, बाराशे ऐंशी, स्वल्पविरामाशिवाय.'