आचाऱ्यांचे आचार्य झाले तो दिवस

मंगळवारी सकाळी साडेदहाची मीटिंग चालू असताना फोन आला. अनोळखी नंबर, म्हणून कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाहेर जिन्यात जाऊन घेतला.

"जरा सर्व्हिस डिपार्टमेंटला द्या हो."

"कुठल्या?"

"ते फॉण्ट कन्व्हर्टरवाले ना तुम्ही? आमच्या पंधराशे प्रती छापून झाल्यात. आता काय करायचं तेवढं सांगा."

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या जुन्या फॉण्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखा वाचता येईल अशा प्रमाणित लिपीसंकेतात, आणणारं एक छोटं, फुकट सॉफ्टवेअर मी आणि एक मित्र मिळून सांभाळतो. म्हणजे मित्राला मुलगी झाल्यापासून मी एकटाच सांभाळतो, रात्री अकरानंतर, जमेल तसं. सर्व्हिस डिपार्टमेंट मीच. मोबाइल नंबरही माहितीच्या फाइलमध्ये मीच कधीतरी उत्साहाच्या भरात टाकलेला.

काकांचा सांगलीकडे प्रेस. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका छापली होती, त्यात जुने अहवाल माझ्या कन्व्हर्टरमधून काढून घातलेले. एका अहवालात मूळ वाक्य होतं : 'आचाऱ्यांना प्रत्येकी शंभर रुपये बिदागी देण्यात आली.' छापलं गेलं 'आचार्यांना'. पुढच्याच ओळीत, त्यांनी चारशे माणसांची आमटी वेळेवर उतरवल्याबद्दल आभार. आणि समारंभाचे प्रमुख पाहुणे स्वतः आचार्य.

मला हसू आलं आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला, कारण चूक कुठे आहे ते मला जिन्यातच कळलं होतं.

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरज पडत नाही, आपलं मात्र त्याच्यावाचून अडतं. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक तर 'ऱ' घेऊन त्याला हलन्त द्यायचा, नाही तर साध्या 'र'ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारा जोडक ठेवायचा. आमचा प्रोग्राम जुना, तो दुसरी पद्धत वापरायचा. तीन आठवड्यांपूर्वी एकाने तक्रार केली होती की मजकुरात अदृश्य अक्षरं राहतात, त्यामुळे शोधलेला शब्द सापडत नाही, जरा लवकर बघा. मी रात्री एक वाजता एक ओळ लिहिली : सगळी अदृश्य अक्षरं काढून टाक. त्याने आभार मानले. जोडक गेला, की त्या 'र'चा रफार होतो. आमच्या चाचणीच्या फाइलमध्ये चाळीस शब्द, त्यात असला एकही नाही.

"चिकटपट्ट्या छापून पंधराशे प्रतींवर लावायच्या तर त्याचा खर्च कोण देणार?" काका म्हणाले.

सॉफ्टवेअरच्या परवान्यात कॅपिटल अक्षरांत लिहिलंय की कसलीही हमी नाही, असं मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ओशाळं वाटलं.

"ते पानभर इंग्रजी वाचत बसलो असतो तर प्रेस कधी चालवला असता?"

"बरं, प्रूफ कुणी वाचलं?"

जरा वेळ काहीच नाही. मग, "गुरुजी आजारी होते."

जागेवर परतलो, पण मीटिंगमध्ये लक्ष लागेना. डिसेंबर 2021 आठवत राहिला. लॉगफोरजे म्हणजे प्रोग्राम काय करतोय त्याच्या नोंदी ठेवणारी, असंख्य सॉफ्टवेअरांत वापरलेली एक फुकट लायब्ररी (तयार कोड). तिच्या सुरक्षेतलं ते मोठं भगदाड उघड झालं तेव्हा मी आधीच्या नोकरीत होतो. साहेब म्हणाले, त्यांचा कुणीतरी माणूस कॉलवर घे आणि दुरुस्ती कधी मिळणार ते विचार. त्यांचा माणूस! ती लायब्ररी अपाची फाउंडेशन या फुकट सॉफ्टवेअरला आधार देणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली मूठभर स्वयंसेवक आपापल्या नोकऱ्या करून सांभाळत होते. त्यांनी दहाएक दिवसांत 2.15, 2.16, 2.17 अशा आवृत्त्या काढल्या, एकीत काही राहिलं की लगेच पुढची. आणि मी त्यांना मेल लिहिला होता, 'कृपया आज संध्याकाळपर्यंत कळवावे.' आमच्या निम्म्या सर्व्हरांवर त्यांचं काम फुकट चालत होतं. मेलला उत्तर आलं नाही, तर मी स्मरणपत्रही पाठवलं होतं.

दुपारी काकांना परत फोन केला. खर्च देऊ शकत नाही, पण आज रात्रीत दुरुस्त करून देतो म्हटलं, आणि वर मागणीही केली : गुरुजींना बरं असेल तर असल्या 'र'चे जमतील तेवढे शब्द लिहून द्यायला सांगा.

"तुम्हाला नाही येत?"

"येतात, पण रात्री आठवत नाहीत."

साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. रेघी वहीचं पान, शाईच्या पेनाने लिहिलेले एकसष्ट शब्द, प्रत्येकावर तो 'र' ठसठशीत काढलेला. पायऱ्या, बिचाऱ्या, सुऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, गोऱ्हा. तसेच्या तसे चाचणीच्या फाइलमध्ये घातले. दुरुस्ती मी 'आचाऱ्या' डोळ्यांपुढे ठेवून केली होती, ती फक्त 'य'आधीच्या 'र'ला लागू पडत होती. 'ह'वाले सात शब्द पडले. कुऱ्हाड माझ्याच पायावर आली. ते सगळं निस्तरून नवी आवृत्ती टाकली तेव्हा दोन वाजून गेले होते.

सकाळी सातला काकांचा मेसेज : 'चाललं. पट्ट्या लावायला पोरं बसवली. आता पीडीएफमधून थेट मजकूर काढायची सोय कधी देताय? शुक्रवारपर्यंत झाली तर बरं.'