तिथी बघून खाडीत उतरा: एमएस्सीचा प्रबंध आणि मीटरभर चिखल

सागरी आणि किनारी शाश्वततेचा अभ्यास करणारे बरेच विद्यार्थी प्रबंधासाठी कांदळवनातला कार्बन निवडतात. विषय मोलाचा आहे, कारण कांदळवनातला बराचसा कार्बन झाडांपेक्षा पायाखालच्या चिखलात साठलेला असतो. पण आकडे बिघडतात तेही याच चिखलात, नमुना काढतानाच.

परवानगीचा अर्ज सगळ्यात आधी करा. महाराष्ट्रात सरकारी जमिनीवरचं बहुतेक कांदळवन वन म्हणून अधिसूचित आहे, त्यामुळे चिखलाचा नमुनाही विनापरवाना उचलता येत नाही. वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करताना विद्यापीठाचं पत्र, जागेचा नकाशा आणि नमुन्यांची नेमकी संख्या जोडा. ठाणे खाडीसारख्या अभयारण्यात काम असेल तर तिथली परवानगी वेगळी लागते.

मग दिवस ठरवा. कोकणातला जुना हिशेब आजही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. वेळ सोयीची, पण तो भांगाचा दिवस. पाणी फारसं ओसरतच नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाला, म्हणजे उजेड अपुरा. म्हणून तृतीया-चतुर्थी गाठा. ओहोटी साडेआठ-नऊला लागते, उधाणाचा जोरही टिकून असतो. हा हिशेब खाडीच्या तोंडाचा आहे, आत जाल तशी वेळ पुढे सरकते. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघाच, शिवाय तिथल्या मच्छीमाराला विचारा.

झाडांचं काम त्या मानाने सोपं. १० बाय १० मीटरचा चौकोन आखून प्रत्येक खोडाचा घेर १.३ मीटर उंचीवर घ्यायचा. कांदळ या झाडाची आधारमुळं त्याहून वर गेलेली असतील तर सगळ्यात वरच्या मुळाच्या ३० सेंटीमीटर वर मोजा. तिवर या झाडाला बुंध्यापासूनच फांद्या फुटल्या असतील तर प्रत्येक खोड वेगळं धरा. गेवा या झाडाची फांदी मोडू नका; त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

आता चिखल. सव्वा मीटर लांबीचा, ६ सेंटीमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या आणि त्याची खालची कड कानशीने धारदार करा. बोथट कड मुळं कापत नाही, ती चिखलासकट खाली ढकलते. पाइप उभा धरून हळूहळू मीटरभर आत घाला. बाहेर काढण्याआधी दोन मापं घ्या: पाइप चिखलाच्या वर किती उरला आणि पाइपच्या आत चिखल तोंडापासून किती खाली आहे. बाहेर २५ सेंटीमीटर उरला आणि आत चिखल ४३ वर असेल, तर नमुना १८ सेंटीमीटर दबला आहे. मीटरभर थर ८२ सेंटीमीटरमध्ये बसला. मग खऱ्या ५ सेंटीमीटरच्या थरासाठी ४.१ सेंटीमीटरची चकती कापायची आणि घनफळ मात्र ५ सेंटीमीटरचंच धरायचं, म्हणजे सुमारे १४१ घनसेंटीमीटर.

ही दोन मापं राहिली तर केवढा फरक पडतो बघा. कोरडी घनता ०.९ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आणि कार्बन २ टक्के असेल तर मीटरभर खोलीला हेक्टरी १८० टन येतात. दाबाची दुरुस्ती विसरलात की घनता १.१ दिसते आणि तेच हेक्टरी २२० टन होतात. चाळीस टन निव्वळ पाइपने दाबलेले! नमुना फारच दबला असेल तर तो सोडून हातभर अंतरावर नवा घ्यावा, हे उत्तम. आणि वरचं तोंड बुचाने घट्ट बंद केल्याशिवाय पाइप ओढू नका, नाहीतर खालचा अर्धा चिखल खड्ड्यातच राहतो.

चकत्या ६० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. शिंपल्यांचे तुकडे दिसले तर कार्बन यंत्रावर देण्याआधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने ते विरघळवा. शिंपल्यातला कार्बन सेंद्रिय नसतो. जवळच्या माती परीक्षण केंद्रात नमुने देणार असाल तर पद्धत विचारून घ्या. शेतजमिनीसाठी सर्रास वापरली जाणारी वॉकली-ब्लॅक पद्धत खाऱ्या चिखलात कार्बन फुगवून दाखवते, कारण कार्बन मोजण्यासाठी घातलेलं डायक्रोमेट हे रसायन मिठातलं क्लोराइडही खातं. त्यासाठी सिल्व्हर सल्फेट घालावं लागतं, ते घालतात का हे आधीच विचारा.

वाळवलेल्या प्रत्येक चकतीचा अर्धा भाग, पाकिटावर पेन्सिलीने जागा, तारीख आणि खोली लिहून, राखून ठेवा. शाई ओलाव्याने पसरते, पेन्सिल टिकते.