फॉरमॅट मारूया की

बेळगावात कॉम्प्युटरची कुठलीही तक्रार घेऊन कुठल्याही दुकानात जा, औषध एकच. मशीन हळू चालतंय? फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून नवं विंडोज. प्रिंटर ऐकत नाही? फॉरमॅट. अपडेट बसत नाही? मग तर फॉरमॅटच. "आक्का, फॉरमॅट मारूया की! संध्याकाळपर्यंत नवं करून देतो," असं म्हणणारा पोरगा मनाने चांगला असतो, चहाही मागवतो. फक्त मशीनला झालंय काय, हे त्याने विचारलेलं नसतं.

मी शहापुरात घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, श्रावणापासून गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, हिवाळ्यात कडोली-उचगावसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात तेव्हा कुणाकुणाचे फलक. पत्रिकेत वधूपक्ष गोकाकचा आणि वरपक्ष खानापूरचा असला की एका पानावर मराठी, समोरच्या पानावर कन्नड, आणि दोन्हीकडच्या आजोबांची नावं चुकता कामा नयेत. त्यासाठी मशीनमध्ये मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी, आणि वर्षानुवर्षं साठलेले फॉन्ट. यातले बरेच युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरांना एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. फॉन्ट गेला की जुनी फाईल उघडल्यावर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी नुसते कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. फॉरमॅटवाल्याचं काम संध्याकाळी संपतं, माझं तिथून सुरू होतं. म्हणून विंडोजचं अपडेट बसेना तेव्हा मी ठरवलं, फॉरमॅट नाही. कारण सापडेपर्यंत कळ काढायची.

न बसणाऱ्या अपडेटची तऱ्हा ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. डाउनलोड झालं, शंभर टक्के झालं, रीस्टार्ट करा म्हणालं. केलं. काळ्या पडद्यावर ठिपके गोल फिरतात, टक्के चढतात, आपण आमटीला फोडणी देऊन येतो, तोवर निरोप हजर: अपडेट पूर्ण करता आलं नाही, बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका. तासाभराने मशीन होतं तिथे परत, आणि कोपऱ्यात पुन्हा तीच सूचना, रीस्टार्ट बाकी आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असताना 'बाकी आहे' हे वाचून बेळगावच्या माणसाला काही घाम फुटत नाही, हा भाग वेगळा.

त्या माघारीबद्दल लोक चिडतात. मला मात्र तिचं कौतुकच वाटतं. अर्ध्या फाईली नव्या आणि अर्ध्या जुन्या अशा अवस्थेत मशीन सोडून दिलं तर ते सकाळी उघडायचंच नाही. त्यापेक्षा जमलं नाही म्हणून सरळ सांगायचं आणि हलवलेली प्रत्येक वस्तू जागेवर नेऊन ठेवायची. इतकी शिस्त आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणणारेही पाळत नाहीत.

घरी भाऊजी आले होते, त्यांचा सल्ला आणखी सोपा: "अपडेट बंदच करून टाका. चाललंय ना मशीन?" चाललंय, हे खरं. पण २०१७ च्या मार्चमध्ये विंडोजच्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती आली, आणि दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस शिरला. ज्यांनी ती दुरुस्ती बसवली नव्हती त्यांच्या फाईलींना कुलूप लागलं. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना पेशंटच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. माझ्या मशीनमध्ये कुणाची शस्त्रक्रिया अडकलेली नाही, पण साडेतीनशे घरांच्या आजोबांची नावं आहेत. हे सगळं ऐकून भाऊजींनी भजी घेतली आणि विषय बदलला.

ही अपडेटं २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे आपल्याला ती कळतात बुधवारी. दिलासा इतकाच की ही मासिक अपडेटं एकत्रित असतात. या महिन्याच्या गठ्ठ्यात मागच्या महिन्यांचंही सगळं असतं, त्यामुळे एखादा महिना हुकला म्हणून काही कायमचं राहून जात नाही. हे कळल्यावर माझी घाई निम्मी झाली.

सेटिंगमध्ये अपडेटचा इतिहास उघडला की फसलेल्या अपडेटसमोर एक आकडा दिसतो. बहुतेक लोक तो बघतच नाहीत, कारण तो दिसतोच मुळी बघू नये असा. माझा होता ०एक्स८००७०००२. त्याचा अर्थ साधा: हवी ती फाईल सापडली नाही. इथे मला जुलैतली ती संध्याकाळ आठवली. आमच्याकडे पाऊस लागला की लाईटचं काही खरं नसतं. डाउनलोड चालू असताना लाईट गेली, यूपीएसने दोनदा टूं टूं केलं आणि मान टाकली. उतरलेला गठ्ठा तेव्हा कुठेतरी फाटला असणार. आणि विंडोज दर वेळी पहिल्यापासून उतरवत बसत नाही, आधी उतरवून ठेवलेलं असेल तर तेच घेतं. दूध कितीही चांगलं घ्या, विरजणच बिघडलेलं असेल तर दही रोज तसंच लागणार.

हे विरजण सी ड्राइव्हवर विंडोजच्या पोटात, सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन नावाच्या फोल्डरमध्ये असतं. ते नुसतं काढू म्हटलं तर निघत नाही, कारण मागे काम करणाऱ्या सेवांनी ते धरून ठेवलेलं असतं. त्यांना आधी थांबवावं लागतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे आज्ञा लिहायची, काळी खिडकी उघडायची आणि नेट स्टॉप लिहून एकेकीला बसवायचं. एक अपडेट शोधणारी, एक सह्या-शिक्के तपासणारी, आणि तिसरी बिट्स. ही बिट्स मला आवडते. आपण इंटरनेट वापरत असलो की ती अंग चोरून घेते, मोकळी वाट दिसली की हळूच थोडं थोडं उतरवते. घरात पाहुणे असताना मागच्या दाराने धुणं वाळत घालणारी बाईच. तिघी थांबल्या की फोल्डर पुसायचं नाही, नुसतं नाव बदलायचं, शेवटी 'ओल्ड' लावायचं. कॅटरूट२ नावाच्या दुसऱ्या फोल्डरचंही तेच. मग तिघींना पुन्हा उठवायचं. विंडोजला जुनं फोल्डर दिसत नाही, ते निमूटपणे नवं बनवतं आणि सगळं पहिल्यापासून मागवतं.

फोनवर विचारलं होतं तो हार्डवेअरवाला कन्नड पोरगा म्हणाला, एवढ्यावर थांबू नका, विंडोजच्या स्वतःच्या फाईलीही तपासून घ्या. त्याला दोन आज्ञा आहेत. पहिली डिझम, ती विंडोजचं आतलं कोठार नीट करते, लागेल तो माल इंटरनेटवरून आणते. दुसरी एसएफसी, ती त्या कोठाराशी पडताळून चालू फाईली दुरुस्त करते. क्रम महत्त्वाचा. कोठारच खराब असेल तर त्यातून काढून लावलेलं काय चांगलं असणार? डिझम मात्र माणसाची परीक्षा बघतं. टक्के वाढत वाढत एका आकड्यावर येतात आणि तिथेच थिजतात. आता गेलं, आता खिडकी बंद करावी, असं शंभरदा वाटतं. "तडीरी आक्का, तडीरी," म्हणजे थांबा हो, असं तो फोनवर म्हणत राहिला. बाहेर पाऊस, आत तो न हलणारा आकडा, आणि लाईट जाईल या धास्तीने मी देवासमोरचा बल्बसुद्धा बंद केलेला. जणू त्या बल्बाने काही फरक पडणार होता.

मग आकडा एकदम पुढे सरकला. एसएफसीला काही खराब फाईली मिळाल्या, त्या तिने दुरुस्त केल्या. रात्री अपडेट पुन्हा लावलं. तेही फसलं असतं तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगच्या साईटवरून तोच गठ्ठा एमएसयू फाईल म्हणून वेगळा उतरवून डबल क्लिकने बसवायचा बेत होता. गरज पडली नाही. ठिपके फिरले, टक्के चढले आणि या वेळी उतरले नाहीत. श्रीलिपी जागेवर, नुडी जागेवर, गजानन प्रसन्न.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. अपडेटचा इतिहास उघडला तर आधीचं सगळं कोरं. आजवर बसलेली अपडेटं मशीनमध्ये शाबूत असतात, फक्त त्यांची यादी त्या फोल्डरबरोबर गेलेली असते. भाऊजींना हे दाखवलं तर म्हणाले, "मग बसलंय कशावरून?" त्यांना अपडेट बसल्यावर बदललेला विंडोजचा बिल्ड नंबर दाखवला, पटला नाही. 'ओल्ड'वाली दोन्ही फोल्डरं मी थोडे दिवस तशीच ठेवली, मग पुसली. यूपीएसची बॅटरी बदलली. आता पुढचा दुसरा मंगळवार मंडळांच्या पावत्यांच्या गर्दीतच येतोय, तेव्हा अपडेट आठवडाभर थांबवून ठेवायचं बटण दाबून ठेवलंय.