लातूरची मुले, किनवटचे जंगल

मराठवाड्यातही जंगल आहे, हे लातूरच्या नववीतल्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते. त्यात त्यांचा दोष नाही. जिल्ह्याच्या क्षेत्रफळात वनक्षेत्राचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि मुलांपैकी ज्यांनी जंगल पाहिले आहे त्यांनी ते ताडोबाला जिप्सीत बसून, वाघ दिसतो की नाही या चिंतेत पाहिलेले आहे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा होत गेला आणि तोच विषय मी शिकवतो. मुले प्रकल्पवह्या सुंदर करतात, ‘झाडे लावा, झाडे जगवा’ची भित्तिपत्रके रंगवतात आणि गुणही चांगले मिळवतात. अडचण एवढीच आहे, की या साऱ्या शिकवणुकीत जंगल तोडणारा, नदी नासवणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा हा सगळा एकच माणूस असतो. त्याला गाव नसते, जात नसते, सातबारा नसतो. फायदा कोणाच्या पदरात पडला, भार कोणाच्या डोक्यावर आला आणि ठरवताना कोणाला विचारले गेले, हे प्रश्न वर्गात उभेच राहत नाहीत. ते उभे राहावेत म्हणून होळीनंतरच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत मी मुलांना घेऊन नांदेड जिल्ह्यातल्या किनवट या जंगलाच्या तालुक्यात गेलो.

नांदेड, भोकर, हिमायतनगर असा रस्ता. भोकरपर्यंत दोन्ही बाजूंना आपल्या ओळखीचाच मुलूख दिसतो: काळी जमीन, काढणीला आलेला हरभरा, अधूनमधून हळद. हिमायतनगर मागे पडले की टेकड्या सुरू होतात, रस्त्याकडेचा साग दाट होत जातो आणि मार्चमध्ये मध्येच एखादी पळसाची रांग पेटल्यासारखी दिसते. वाटेत इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला थांबलो. पावसाळ्यात कानठळ्या बसवणारा हा पैनगंगेचा धबधबा त्या दिवसांत काळ्या खडकांतून बारीक धारांनी उतरत होता. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा, म्हणजे विदर्भाचा. मुलांना या सीमेचे अप्रूप वाटले, म्हणून तिथेच खडकावर बसून दुसरीही एक सीमा सांगितली. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामाच्या वनखात्याविरुद्ध आणि महसुली जुलमाविरुद्ध ‘जल, जंगल, जमीन’ म्हणत उभा राहिलेला आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात मारला गेलेला गोंड नेता कुमराम भीम त्याच जिल्ह्याचा. मराठवाडा मुक्तिसंग्राम पाठ असलेल्या मुलांना हे नाव ठाऊक नव्हते, आणि आपल्याकडे सप्टेंबरात होणाऱ्या भाषणांत ते क्वचितच येते, हेही खरेच.

पर्यावरणीय न्याय, म्हणजे फायदा आणि भार कोणाकोणाच्या वाट्याला येतो आणि ठरवताना कोणाला विचारतात, ही कल्पना मी तिथेच, शिदोरी सोडता सोडता मांडली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात वॉरन नावाचा परगणा आहे. १९८२ मध्ये विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरण्यासाठी सरकारने हा परगणा निवडला. तिथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय आणि गरीब होती. लोक ट्रकांपुढे आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली आणि माती शेवटी तिथेच पुरली गेली. पण घाण नेहमी विशिष्ट लोकांच्याच दारात का टाकली जाते, हा प्रश्न त्यानंतर जगाला टाळता आला नाही. एका मुलीने लगेच विचारले, “सर, म्हणजे नारेगावसारखंच ना?” तिचा मामा छत्रपती संभाजीनगरला राहतो. तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला पडत होता. २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहर कचऱ्याने तुंबले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कचराकोंडी’ म्हटले, ती अर्थातच शहराची कोंडी होती. गावाची कोंडी कितीतरी आधीपासून चालू होती, ती मात्र बातमीत नव्हती.

मुक्काम एका कोलामगुड्यात, म्हणजे कोलामांच्या पाड्यावर होता. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात. कातकरी आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. घरात कोलामी, शेजारच्या गोंडांशी गोंडी, बाजारात मराठी आणि सोयरिकीत थोडी तेलुगू असे तिथल्या मुलांचे भाषेचे गणित असते. इंग्रजी माध्यमाचा अभिमान असलेली आमची मुले ते ऐकून थोडी गप्प झाली.

पहाटे अंधारातच आम्ही मोहाखाली गेलो. मोहाची फुले रात्री उशिरापासून गळू लागतात आणि ऊन चढण्याच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरे आणि हरणे खाऊन जातात. फूल म्हणजे बोराएवढा, फिकट पिवळसर, रसरशीत मणीच असतो. पाकळ्या वेगळ्या सुटत नाहीत, बोटांना चिकटपणा येतो आणि वास इतका गोड की थोड्या वेळाने डोके जड होते. सोबतच्या आजी दोन्ही हातांनी एकाच वेळी वेचत होत्या, डावा हात टोपलीकडे जात असताना उजवा जमिनीवर फिरत असे. आमच्यातली मुले एकेक फूल निवडून उचलू लागली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अशानं तर दिवाळी येईल.” झाडाखालची जागा लख्ख झाडलेली होती. पूर्वी पालापाचोळा जाळून जागा साफ करत, कारण पाल्यात फुले दिसत नाहीत. पण ती आग कधीकधी जंगलात पसरते, म्हणून वनखाते जाळू देत नाही. आता झाडूनच काढावे लागते आणि त्यात वेळ जातो.

इथे एका मुलाने पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे टाकले, की वणवा लावणे हा पर्यावरणाचा गुन्हा आहे. आजींनी वाद घातला नाही. फुले वेचायची झाडे जिथे आहेत तिथे वणवा लागला तर पहिले नुकसान कोणाचे, एवढेच त्यांनी विचारले, आणि वणव्याच्या दिवसांत गुड्यातलीच माणसे पाळीने जाळरेषेवर, म्हणजे आग पसरू नये म्हणून साफ केलेल्या पट्ट्यावर, जातात हेही सांगितले. जाळण्याची जुनी पद्धत निर्दोष होती असे मला म्हणायचे नाही. प्रश्न असा आहे, की ती बंद करताना झाडण्याच्या वाढीव श्रमाचा विचार कोणी केला होता का, आणि केला असेल तर तो कोणाशी बोलून केला. दारूबंदी कायद्यामुळे मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर राज्यात बरीच वर्षे निर्बंध होते. ते २०२१ मध्ये शिथिल झाले. घरात फुले असणे हाच संशय, अशा काळात आजींचे उभे आयुष्य गेले आहे.

दुपारी चावडीसमोर गुड्यातल्या एका तरुणाने काठीने धुळीत नकाशा काढला. तो वनहक्क समितीवर आहे. ओढा, बांबूचे बन, गुरांची वाट, डिंकाची झाडे, जुने मसण, भीमायक या देवाचे ठाणे. आमच्या मुलांनी वह्या काढल्या, कारण नकाशा म्हणजे भूगोलाचे गुण, हे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. मग त्याने सांगितले, की हा नकाशा म्हणजे पुरावा आहे. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला कमाल चार हेक्टरपर्यंतचा हक्क या कायद्याने मान्य होतो. तो पती-पत्नीच्या संयुक्त नावाने असतो, वारसाने पुढे जातो आणि विकता येत नाही. गावाला मिळून सामूहिक वनहक्कही मागता येतो आणि बांबू, तेंदूपाने, मध, डिंक अशा गौण वनोपजावर मालकी सांगता येते. दाव्यासोबत जोडायच्या पुराव्यांत कायद्याच्या नियमांनी सरकारी कागदांबरोबरच पवित्र झाडे, देवराया, दफनभूमी, पाणवठे, कंदमुळे गोळा करण्याच्या जागा आणि म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही धरला आहे. ज्या आजी सकाळी आम्हाला हसल्या, त्यांचे बोलणे म्हणजे कायद्याच्या भाषेत पुरावा आहे, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला वर्गात कधी दिसलेले नाही.

या सहलीत मला मुलांना जे दाखवायचे होते ते हेच होते. आदिवासींविषयी शाळेत जे सांगितले जाते ते बहुतेक कौतुकाचे असते: ते निसर्गपूजक आहेत, त्यांचे नृत्य सुंदर आहे, त्यांच्याकडून आपण साधेपणा शिकावा. कौतुकाने कोणाचा दावा मंजूर होत नाही. एका मुलीने निबंधासाठी त्या तरुणाला “तुम्ही निसर्गाच्या सान्निध्यात किती सुखी आहात” असे काहीसे विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “ताई, रस्ता पाहिजे, दवाखाना पाहिजे. टॉवर आला तर तोही पाहिजे. फक्त कुठून न्यायचा ते आम्हाला विचारा.” विचारण्याची ही तरतूद कायद्यात आहे. किनवट तालुक्यातली अनेक गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या, म्हणजे आदिवासींसाठी विशेष तरतुदी असलेल्या, क्षेत्रात येतात आणि मराठवाड्यात असे क्षेत्र फक्त याच भागात आहे. म्हणून अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि त्यात एक तृतीयांश तरी स्त्रिया लागतात. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. मुलांना ही हकिकत फार आवडली. पण नियमगिरी दूर आहे आणि दूरच्या न्यायाच्या बाजूने उभे राहायला काही पडत नाही.

रात्री जेवणानंतर जवळची गोष्ट निघाली. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेवर निम्न पैनगंगा नावाचे मोठे धरण कित्येक वर्षांपासून प्रस्तावित आहे. पाण्याची वाटणी महाराष्ट्र ८८ टक्के आणि तेलंगण १२ टक्के अशी ठरलेली आहे, आणि बुडितात जाणाऱ्या गावांचा त्याला जुना विरोध आहे. आमच्या मुलांची पहिली प्रतिक्रिया अस्सल लातूरची होती. पाणी अडवायला कोणी विरोध कसा करू शकते, हेच त्यांना कळेना. ही मुले बालवाडीच्या वयाची असताना, २०१६ मध्ये, मांजरा धरण कोरडे पडले होते, पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ती आठवण घराघरांत आहे. एका मुलाने ती तळमळीने सांगितली, त्याच्या आईने घागरी घेऊन काढलेल्या रात्रींसह, आणि गुड्यातल्या लोकांनी मनापासून ऐकली.

मग त्या तरुणाने विचारले, “तुमच्या मांजरा धरणात कोणकोणती गावं गेली?”

कोणालाच सांगता आले नाही. धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे, इतके ठाऊक होते. तिथून उठून कोण कुठे गेले, हा प्रश्न लातूरच्या नळाला पाणी येते तेव्हा कोणाच्या मनात येत नाही. थोड्या वेळाने एक मुलगा, ज्याच्या घरचा ऊस आहे, आपण होऊन बोलला. त्या टंचाईच्या वर्षी त्यांच्या बोअरला पाणी होते, वस्तीवरच्या लोकांना टँकर होता, आणि आपल्या वडिलांनी बोअरचे पाणी उसाला दिले की वस्तीला, हे त्याने घरी कधी विचारलेले नाही. त्याला कोणी टोचून बोलले नाही, मीही विषय पुढे रेटला नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला बापाच्या शेताविषयी भर सभेत एवढे बोलावेसे वाटणे पुरेसे होते. धरण हवे की नको यावर त्या रात्री एकमत झाले नाही आणि ते होऊ नये असेच मला वाटत होते. मुलांपैकी काही जण धरणाच्याच बाजूने राहिले, पण आता ती मुले पुनर्वसनाची जमीन लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचे पाणी मिळते त्या भागात, का देत नाहीत, असे विचारू लागली होती.

परतल्यावर मुलांनी गटागटाने आपापल्या गावाचे धुळीतल्यासारखे नकाशे केले, मात्र कागदावर: सार्वजनिक विहिरी, खाजगी बोअर, टँकर उभा राहण्याची जागा, गायरान आणि गायरानावर कोण राहते. दोन गटांनी आजी-आजोबांचे जबाब लिहून आणले. धनेगाव परिसरातल्या बुडित गावांची माहिती काढण्याचे काम अजून चालू आहे, आणि त्यासाठी मुले स्वतःच महसूल कार्यालयात अर्ज करायला शिकत आहेत.

कोणा शिक्षकाला मुलांना घेऊन तिकडे जायचे असेल तर मे महिना टाळावा. तेंदूपाने तोडण्याचे दिवस असतात, घरेच्या घरे पहाटेपासून जंगलात असतात आणि वर्षाची मोठी रोख कमाई त्या थोड्या दिवसांत करायची असते, त्यामुळे पाहुण्यांचा बोजा होतो. जाण्यापूर्वी ग्रामसभेला पत्र द्यावे आणि होकार येईपर्यंत थांबावे. जेवणाचे आणि सोबत फिरणाऱ्या माणसाच्या दिवसाचे पैसे आधी ठरवून चुकते करावेत. देवाच्या ठाण्यापाशी मोबाइल खिशात ठेवायला सांगावे. दिवाळीच्या दिवसांत दंडार हा नाच असतो आणि तेव्हा जाण्याचा मोह होतो, परंतु पहिल्या भेटीत मुलांनी नाच पाहू नये, नकाशा पाहावा, असे माझे मत आहे.