पुलाखालून नाही, पुलावरून!

आज चक्क बोटीत बसून पूल ओलांडला, खरंच. वेल्समधला लँगॉलेन कालवा. ओळखीतल्या एका काकांची जुनी नॅरोबोट, जेमतेम सात फूट रुंद, डिझेल इंजिन टुक टुक टुक करत चालतं आणि स्पीड लिमिट ताशी ४ मैल, त्यामुळे काठावर कुत्रा फिरवणाऱ्या एक आजी आम्हाला आरामात ओव्हरटेक करून गेल्या, वर टाटा पण केला 😄 चर्कच्या बोगद्यात तर इतकं गार की भर उन्हाळ्यात आईने स्वेटर चढवला.

आणि मग पॉन्टकसल्टे! १८०५ साली पूर्ण झालेला जलसेतू, थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरचं काम. बिडाची लांबच लांब पन्हळ, त्यात पाणी, त्यात आपण, खाली ३८ मीटरवर डी नदी. एका बाजूला पायवाट नि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही हो, सरळ दरी! मी तर मधल्या बाकावरून हललेच नाही.

बाबा इरिगेशनमधून रिटायर, त्यांचं लगेच सुरू, हे गळत कसं नाही? काका म्हणाले, सांधे भरायला फ्लॅनेलचं कापड साखरेच्या पाकात बुडवून वापरलं होतं, वर शिसं. तर आई विचारते, "पाक एकतारी की दोनतारी?"