पायाखाली काय होतं

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मालवणात स्कूबा करायला येणाऱ्या बहुतेकांना पोहता येत नाही. आम्ही मागून त्यांच्या सिलिंडरची मान धरतो आणि फिरवून आणतो. पोहतो आम्ही, बघतात ते. त्यांच्या पायात फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंख, नाहीत, कमरेला बुडायला शिशाचा पट्टा. खाली पाच-सहा मीटरवर नेलं की आम्ही त्यांना उभं करतो. का? तर व्हिडिओसाठी. आडव्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यात नीट येत नाही. आणि बोटीवर कितीही बजावलं तरी लोक 'मजेत आहे' म्हणून अंगठा वर करतात. पाण्यात त्याचा अर्थ 'मला वर न्या'. शेवटी आम्ही डोळ्यांकडे बघूनच ठरवतो.

2025 चा एप्रिल, भांगाची, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांतली सकाळ. भांगात पाण्याला ओढ कमी, गाळ तळाशी बसलेला. पाच-सहा मीटर स्वच्छ दिसत होतं, म्हणजे आमच्याकडे सणच. दुसऱ्या फेरीला हमरापूरकडचे एक काका होते, गणपतीचा कारखाना असलेले. कान दुखणं नाही, घाबरणं नाही. मी खूश होऊन त्यांना ज्या कातळावर उभं केलं, त्याच्या कडेला टर्बिनारिया होता. कोबीच्या पानांसारखा पसरणारा प्रवाळ. दिसायला दगड, पण कडा पापडासारखी. व्हिडिओवाल्याने हाताने खूण केली, जरा डावीकडे. मी सिलिंडर डावीकडे ढकलला आणि काकांचा पाय पडला. पाण्यात आवाज फार स्पष्ट येतो. कट्.

ताटलीएवढा तुकडा होता.

"पब्लिकला अक्कल नाही" हे आमच्या बोटीवरचं लाडकं वाक्य. माशांना पाव टाकतो आम्हीच, अक्कल मात्र पब्लिकला नाही. इथे तर जागा मी निवडली होती, वजन मी लावलं होतं, ढकललंही मीच.

वर आल्यावर काकांनी विचारलं, "काय मोडलं हो?" मी म्हटलं, "काही नाही, दगड." मग राहवेना. सांगून टाकलं की तो जिवंत होता, आणि कायद्याने वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत तोही आहे. त्याच्या शेजारचा पोरायटिस या दुसऱ्या प्रवाळाचा गोळा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. काका गप्प झाले. तांडेल सुकाणूवरून म्हणाला, "माणसाक पाय ठेवूक कायतरी होया मा!"

त्यावरून मी कॅनकूनचं सांगायला लागलो. मेक्सिकोतल्या त्या सागरी उद्यानाचीही हीच रड होती, पर्यटकांच्या गर्दीने खरा प्रवाळ हैराण. 2009 पासून जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने तिथे समुद्रतळावर पुतळे उभे करायला घेतले. आज ते पाचशेच्या आसपास आहेत. एका समूहात तर चारशेवर माणसं आहेत, खऱ्या माणसांच्या अंगावरून साचे काढलेली. ठेवली कुठे, तर रेताड, ओसाड तळावर. गर्दी तिकडे वळावी आणि लाथ बसलीच तर सिमेंटला बसावी.

काका एकदम सावरून बसले. "सिमेंट कुठलं? साध्यातून चुना सुटत राहतो." मी म्हटलं, पीएच न्यूट्रल, खास समुद्रासाठीचं. "आणि फिनिशिंग?" मला उत्तर द्यायचीही गरज पडली नाही. "खडबडीतच असणार. गुळगुळीत अंगावर आमचा रंग धरत नाही, तिथे जीव काय धरणार?" बरोबर होतं. प्रवाळाची पिल्लं खाचाखोचांतच चिकटतात. खेकड्या-माशांना लपायला काही शिल्पांत मुद्दाम भोकं ठेवतात, हेही सांगितलं. काका हसले. "आमच्याकडे पीओपीची मूर्ती विरघळत नाही म्हणून कोर्टकचेऱ्या. आणि तिकडे विरघळू नये म्हणून एवढा खटाटोप!"

आता आमच्याकडेही गुलदार येणार आहे. नौदलाची 1985 ची नौका, जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली. निवतीच्या खडकांजवळ ती बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. गावात सगळे खूश आहेत, मीही आहे. पण रात्री आडवा झालो की हिशेब सुरू होतो. गुलदार बघायला आलेला पाहुणा किल्ल्याजवळचा डाइव्ह सोडेल की दोन्ही करेल? मी धंद्यातला माणूस. पॅकेज माझ्यासारखेच बनवणार, आणि पॅकेजात दोन्ही असणार.

जूनमध्ये एसटीच्या पार्सलने काकांच्या दोन सिमेंटच्या विटा आल्या, एक गुळगुळीत, एक खरवडलेली. सोबत चिठ्ठी: सहा महिने पाण्यात ठेवा, कोणावर काय धरतं ते कळवा. इथलं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं. त्या पाण्यात मनाला येईल ते सोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. अर्ज कुठल्या कचेरीत करायचा, हे तिघांना विचारलं, तर तिघांनी तीन कचेऱ्या सांगितल्या. विटा पडवीच्या पायरीवर पडून आहेत. पावसात खरवडलेलीवर हिरवं शेवाळ धरलं. गुळगुळीत अजून कोरीच आहे.