न्यू जर्सीत घरच्या पिस्तुलासाठी हॉलो पॉइंट घेताना: २० चा बॉक्स, २५ चा की ५० चा? माझा अनुभव

हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला पोकळी असलेली, शरीरात शिरली की उघडणारी गोळी. आधी एक सांगून टाकते, तुम्ही एच वन बी, एल वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर या भानगडीत पडूच नका. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलो आणि फक्त गोळ्यांचा बॉक्स आपल्या गाडीत राहिला, एवढ्यावरूनही ग्रीन कार्डाचं वाटोळं होऊ शकतं. आमच्या घरात ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत हा विषय निघालाच नव्हता.

नंतर निघाला त्याचं कारण इथे सेंट्रल जर्सीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. देशी लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत झालंय, आमच्याच गल्लीत एका गुजराती कुटुंबाचं घर ते लग्नाला गेलेले असताना फोडलं. ह्यांचं दुकान आहे, बंद करून यायला रात्रीचे साडेदहा-अकरा होतात, तोपर्यंत घरी मी, सासूबाई आणि मुलं. खूप दिवस आमची चर्चा चालली होती, सासूबाईंचा साफ विरोध होता, मग आम्ही दोघांनी आधी रीतसर ट्रेनिंग घेतलं आणि मगच पुढचं पाऊल टाकलं.

न्यू जर्सीत हँडगनच्या गोळ्या घ्यायच्या तर वय २१ पूर्ण पाहिजे आणि फायरआर्म्स आयडी कार्ड दाखवावं लागतं. (पिस्तूल खरेदीचं किंवा कॅरीचं, म्हणजे ते बाहेर बाळगायचं, परमिट असेल तर तेही चालतं, पण कार्ड सोपं पडतं.) टेक्सासला माझी मावसबहीण असते, तिकडे दुकानात रॅकवरून गोळ्या घेऊन लोक काउंटरला जातात, इथे तसं काही नाही. कार्डासाठी ऑनलाइन अर्ज, आपल्या गावच्या पोलीस खात्याकडे तो जातो, बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याची माहिती तपासायला संमती, आणि नात्यातले नसलेले दोन जण रेफरन्स म्हणून. २०२२ च्या शेवटी फी ५ डॉलरवरून ५० केली. हे रेफरन्सचं प्रकरण मराठी माणसाला सगळ्यात अवघड जातं, कारण मंडळातल्या ओळखीच्यांना विचारलं की आधी कपाळावर आठ्या येतात, "कशाला गं असलं काही घरात", आणि मग होकार दिला तरी पोलिसांची ईमेल स्पॅममध्ये पडून राहते आणि अर्ज तिथेच अडकतो. दोघांनाही फोन करून ईमेल भरून घ्या, एवढं केलं तर बाकीचं आपोआप पुढे सरकतं.

आता मुद्द्यावर येते. दुकानात ९ एमएमच्या शेल्फपुढे उभं राहिलं की पहिल्यांदा माणूस गांगरतो. सरावाच्या गोळ्या, म्हणजे एफएमजे (फुल मेटल जॅकेट, टोकावर धातूचं आवरण असलेल्या), त्या ५० च्या बॉक्समध्ये येतात, विंचेस्टरचा पांढरा १०० चा पॅकही असतो, ते सरळ आहे. सेल्फ डिफेन्सच्या हॉलो पॉइंटचं तसं नाही. फेडरल कंपनीची एचएसटी एकच, पण ती २० च्या सुंदर चकचकीत बॉक्समध्ये पण आणि ५० च्या साध्या बॉक्समध्ये पण. स्पीअरची गोल्ड डॉट तशीच, २० आणि ५०. हॉर्नाडीची क्रिटिकल डिफेन्स २५ ची. मी घेतलं तेव्हा २० चा बॉक्स साधारण २६-२७ डॉलर होता म्हणजे गोळीमागे सव्वा डॉलरच्या वर, २५ चा हॉर्नाडी जवळपास तेवढ्यालाच म्हणजे गोळीमागे एक डॉलर आणि थोडं वर, आणि ५० चा ४०-४२ ला, गोळीमागे ८०-८५ सेंट. वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. (कंपनी भरते तो ११ टक्के फेडरल एक्साइज किमतीत आधीच धरलेला असतो, आणि तो पैसा १९३७ च्या कायद्याने जंगलं आणि वन्यजीव सांभाळायला जातो, हे कळल्यावर मला बरं वाटलं.)

५० चा बॉक्स एवढा स्वस्त का, तर तो मुळात पोलीस खात्यांसाठी बनवलेला असतो. बरेच जण तो बघून मागे सरतात की हे आपल्याला चालणार नाही, पण तसं काही नाही, त्या बॉक्सवर सामान्य माणसाने घेऊ नये अशी फेडरल कायद्याची बंदी नाही. दुकानदाराकडे असेल तर तो कार्ड बघून देतो. पुष्कळदा शेल्फवर नसतो, मागावा लागतो.

पण नुसत्या भावावर जाऊ नका. काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी मला बजेट विचारलं नाही, विचारलं की मॅगझिन (पिस्तुलात बसणारी गोळ्यांची पेटी) किती आहेत आणि या गोळीने पिस्तूल चालवून बघणार आहात का. ते ऐकल्यावर सगळा हिशोबच बदलला. आमचं ग्लॉक १९, न्यू जर्सीत २०१८ पासून मॅगझिनला १० ची मर्यादा, म्हणजे २० चा बॉक्स घेतला की दोन मॅगझिन भरल्या आणि बॉक्स रिकामा, चालवून बघायला एकही नाही. आणि चालवून बघणं अगदी गरजेचं आहे हो, कारण हॉलो पॉइंटचं तोंड एफएमजेसारखं गोल नसतं, काही पिस्तुलांत एखादी विशिष्ट गोळी मॅगझिनमधून वर चढताना अडकते. रेंजवर एफएमजे लोण्यासारखी चालली म्हणून रात्री दोन वाजता हॉलो पॉइंट चालेलच असं नाही. कोणी म्हणतं २०० गोळ्या मारून बघा, आम्हाला तेवढं परवडणारं नव्हतं, आमच्या ट्रेनरने निदान ५० सांगितल्या आणि प्रत्येक मॅगझिनमधून मारायला लावल्या. तेव्हा २० चे तीन बॉक्स घेण्यापेक्षा ५० चे दोन घ्यायचे, एक रेंजवर संपवायचा, एक घरी, हा सरळ हिशोब. दोन्ही एकाच लॉटचे मागून घ्या, लॉट नंबर बॉक्सवर छापलेला असतो. म्हणजे जी गोळी तपासली तीच घरात राहिली.

उरलेल्या गोळ्या कशाला लागतात, तर तीच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात, चढवायची आणि काढायची, असं केलं की पुढचं टोक हळूहळू पितळी केसमध्ये आत दाबलं जातं. त्याने आतला दाब वाढतो आणि ते धोकादायक असतं. नवीन गोळी शेजारी उभी करून बघितली तर फरक डोळ्याला दिसतो. अशी आखूड झालेली गोळी बाजूला काढायची, मारायची नाही, रेंजवर निकामी गोळ्या टाकायचा डबा असतो त्यात द्यायची. २० च्या बॉक्समधल्या दोन-चार अशा बाद झाल्या तर मॅगझिन अर्धवटच राहते.

मग २५ चा कोणासाठी? इथे न्यू जर्सीचा कायदा मध्ये येतो आणि तो नीट समजून घेतलाच पाहिजे. इथे हॉलो पॉइंट घरात ठेवता येते, स्वतःच्या जागेत ठेवता येते, दुकानातून थेट घरी आणता येते, रेंजवर नेता येते, पण कमरेला लावून बाहेर हिंडता येत नाही, कॅरी परमिट असलं तरीसुद्धा. तो फोर्थ डिग्री क्राइम आहे, १८ महिन्यांपर्यंत शिक्षा. पेनसिल्व्हेनियात चालतं म्हणून लोक पूल ओलांडून तसेच येतात आणि अडकतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यावर इथे सामान्य माणसाला कॅरी परमिट मिळायला लागलं, ह्यांनी रात्री दुकान बंद करण्यासाठी ते काढलं, आणि मग प्रश्न आला की बाहेर कुठली गोळी. हॉर्नाडीच्या क्रिटिकल डिफेन्स आणि क्रिटिकल ड्यूटीच्या तोंडात पॉलिमरचं टोक भरलेलं असतं, पोकळी उघडी नसते, आणि न्यू जर्सी स्टेट पोलिसांनी स्वतःच सांगितलंय की अशी गोळी हॉलो पॉइंटमध्ये धरत नाही. त्यामुळे इथली कॅरी करणारी मंडळी बहुतेक तीच घेतात. ह्यांच्यासाठी २५ चेच बॉक्स आणले, गोळीमागे थोडे जास्त गेले तरी तिथे भाव बघून चालणार नव्हतं. त्याही तपासायच्याच होत्या म्हणून एका बॉक्सवर भागलं नाही. तुम्ही कॅरी करत असाल तर वकिलाला एकदा विचाराच, माझ्या भरवशावर राहू नका.

बॉक्सवरच्या आकड्यांचं थोडंसं. ११५, १२४, १४७ हे ग्रेन म्हणजे गोळीच्या पुढच्या शिशाच्या भागाचं वजन. +पी लिहिलेलं असेल तर दाब जास्त, साध्या ९ एमएमची मर्यादा ३५,००० पीएसआय आणि +पी ची ३८,५००, तेव्हा पिस्तुलाचं मॅन्युअल वाचल्याशिवाय +पी घेऊ नका, आणि दुकानात २० चा बॉक्स साधा आणि ५० चा +पी असं शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, तिथे नीट बघा. आत शिरण्याचं १२ ते १८ इंचांचं जे माप सगळे सांगतात ते एफबीआयचं. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत झालेल्या चकमकीत त्यांचे दोन एजंट गेले, एका हल्लेखोराला लागलेली ९ एमएम हृदयाच्या अलीकडेच थांबली होती, त्यानंतर त्यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांत, जाड कपड्यांमधून, प्लायवूडमधून चाचण्या सुरू केल्या. आम्ही १२४ ग्रेन एचएसटी घेतली, साधी, +पी नाही, म्हणजे सरावाला १२४ ग्रेनची स्वस्त एफएमजे मारली की हाताला धक्का साधारण सारखाच बसतो. आमचं टाउनहाउस आहे, भिंतीपलीकडे दुसऱ्यांची मुलं झोपतात, आणि हॉलो पॉइंट ड्रायवॉलमध्ये थांबते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ती आरपार जाते. शरीरात उघडून थांबण्याची शक्यता एफएमजेपेक्षा खूप जास्त, एवढाच तिचा फायदा. म्हणून कुठल्या खोलीतून कुठल्या दिशेला अजिबात रोखायचं नाही हे आम्ही घरात उभं राहून ठरवलं.

खरेदीला कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स दिलं, दुकानदाराने विक्रीची नोंद केली, बॉक्स पिशवीत, पिशवी डिकीत, आणि सरळ घरी. वाटेत पटेल ब्रदर्सला थांबू या म्हणाले हे, मी नाही म्हटलं. घरी पिस्तूल बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या सेफमध्ये, जास्तीच्या गोळ्या वेगळ्या कुलपात, मुलांना दोन्ही जागा माहीत नाहीत. गोळ्या मूळ बॉक्समध्येच ठेवते, प्लॅस्टिकच्या डब्यात ओतत नाही, कारण कंपनीने कधी माल परत मागवला तर लॉट नंबरनेच मागवते. आणि ५० च्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर आतून पेनने तारीख टाकली, मॅगझिनमधल्या कधी भरल्या ते कळायला. वर्षाने त्या रेंजवर मारून नवीन भरायच्या असं ठरलंय, तेव्हा १४७ ग्रेनचा ५० चा मिळाला तर मला तो बघायचाय, हे म्हणतात एकदा तपासलेलं बदलू नकोस, आणि मला वाटतं त्यात त्यांचं बरोबर आहे.